भिंत ह्यांची

"म्हणजे आपल्या अख्ख्या प्रांताला नाव पडलं ते विहारांवरून," संग्रहालयातल्या बाई बशी गुडघ्यावर सावरत म्हणाल्या. "संस्कृतात विहार म्हणजे हिंडणं. हिंडणारे बौद्ध भिक्षू पावसाळ्यात जिथे मुक्काम करायचे, त्या जागेलाही पुढे विहारच म्हणू लागले."

"हिंडणारी माणसं एका जागी बसली म्हणून प्रांताला नाव?" गवंड्याची बायको म्हणाली. "मग आमच्या ह्यांच्या नावाने निदान गल्ली तरी हवी."

गवंडी हसला नाही. टेकाडावरच्या विहाराच्या विटा गेल्या कुठे, हे बाई सकाळपासून घरोघर विचारत होत्या आणि त्याच विटांना पाठ लावून तो स्टुलावर बसला होता. जन्मभर त्याने लोकांची घरं बांधली. स्वतःसाठी हाताने उभी केली ती ही एकच भिंत. सरकारने पाडून नेली तर? तो आणखी ऐसपैस बसला.

"नेल्या असतील कोणीतरी," तो म्हणाला. "लोकांचा काय नेम!"

"अहो, असं काय करता?" बायकोला राहवेना. "मॅडम, ही भिंत त्याच विटांची! ह्यांनीच आणल्या सायकलवरून. इतक्या वर्षांत केसाएवढी भेग नाही. नाहीतर ती बाजारच्या विटांची न्हाणी बघा."

गवंड्याने डोळे मिटून घेतले. बाईंनी कप खाली ठेवला. गिलावा उडालेल्या कोपऱ्यावर त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या.

"पाडणार?" त्याने कसंबसं विचारलं.

"पाडायची कशी, काका? टेकाडावर आता एक वीट नाही. उभी आहे ती हीच. गिलावा मात्र काढावा लागेल. आणि यापुढे हिच्यात खिळा ठोकायचा नाही."

गवंडी ताडकन उठला. "ऐकलंस? खिळा नाही!" लग्नापासून बायको त्या भिंतीवर फळी मागत होती.

गिलावा त्याने स्वतः काढला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मग संग्रहालयाची पाटी आली. खिळा चालत नसल्याने ती त्याच्याच स्टुलावर ठेवावी लागली. तिच्यावर विटांचं वय होतं, भिक्षूंचा मुक्काम होता, प्रांताच्या नावाची कथा होती. त्याने ती दोनदा वाचली. बांधणाऱ्याचं नाव नव्हतं.

लोक बघायला येऊ लागले. पाटी वाचून झाली की बायको म्हणे, "विटा त्यांच्या. भिंत ह्यांची." आणि भिंत किती सरळ आहे ते बघायला दारामागच्या खुंटीवरचा त्याचा ओळंबा काढून पाहुण्याच्या हातात देई. लोखंडी वजन बांधलेली दोरी भिंतीलगत हेलकावे खाई. ती स्थिर होईपर्यंत गवंडी दाराबाहेर पाठ करून उभा राही.