सहावा काप

दादाच्या मेंदूचा स्कॅन वहिनींनी माझ्यापुढे ठेवला, तो मी डॉक्टर आहे म्हणून नव्हे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांची मुद्रितं मी तीस वर्षं तपासली, एवढीच माझी पात्रता. अग्र, पश्च, पृष्ठ, अधर या दिशांत चूक झाली की मला दिसते. मेंदू मी कधी पाहिलेला नाही.

शेवटचे दोन महिने दादा बोलत असे, पण शब्दांचा कशाशी काही मेळ नसे. त्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

"एकच सांगा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आपण बोललेलं त्यांना कळत होतं का?"

अहवालात होतं : कपाळ आणि डोक्याची मागची बाजू यांच्या दरम्यान घेतलेले वीस उभे काप, इजा डावीकडे, सहाव्या कापात. पुस्तकांत काप पुढून मोजतात. कपाळाकडून सहावा, म्हणजे बोलणं घडवणारा भाग. समजून घेणारा भाग त्याच्या बराच मागे.

"सगळं कळत होतं," मी म्हणालो. वहिनींना दिलासा दिला असं मला वाटलं.

त्यांनी अहवालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "एकदा वैतागून बोलले मी. म्हटलं, सुटा आता एकदाचे, आणि मलाही सोडवा."

मी स्कॅनची फिल्म त्यांच्याकडून मागून घेतली, घरी नेली आणि सकाळी खिडकीच्या काचेला लावली. पहिल्या चित्रात डोळे असायला हवे होते. ते विसाव्यात होते. स्कॅन काढणाऱ्यांनी मागून मोजलं होतं; म्हणजे इजा समजून घेणाऱ्या भागात होती. मी अहवाल दोनदा वाचला होता. चित्राकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

तसाच वहिनींकडे गेलो.

"चूक झाली माझ्याकडून."

"तुमच्याकडून? दोन-दोन चष्मे लावून?"

मी विसाव्या चित्रातले डोळे दाखवले. त्यांनी बोट ठेवत उलट बाजूने चित्रं मोजली.

"म्हणजे मी बोलले ते त्यांना कळलं नाही?"

"बहुधा नाही."

"बहुधा नको. जन्मभर बहुधा बहुधा करत आलात."

"नाही कळलं, वहिनी."

त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली. पाकीट मांडीवरच राहिलं.

"दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली होती," त्या म्हणाल्या. "हात धरून, तासभर. मग तीही नाहीच."

मी मान हलवली.