कंट्रोलचं रक्त

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात निरोगी रक्त म्हणजे भालचंद्र पाठराबे. सोळा वर्षं तो तिथं लॅब टेक्निशियन होता, आणि सोळा वर्षं पहिल्या पेशंटच्या आधी तो स्वतःच्याच बोटात सुई टोचायचा, थेंब काचपट्टीवर पसरायचा, जांभळ्या रंगात रंगवायचा नि मायक्रोस्कोपखाली धरायचा. आपल्या पेशी जशा दिसायला हव्यात तशा दिसल्या की रंग ठीक; मग बाकीच्यांचं रक्त बघायचं. याला कंट्रोल म्हणत. बायकोशी, प्रमिलेशी, भांडतानाही तो सुनवायचा की अख्खी टाउनशिप माझ्यावरून जोखली जाते, तू मला काय सांगतेस.

एका सोमवारी कंट्रोलच्या पट्टीवर भलत्याच पेशी दिसल्या. थोराड, केंद्रकानं सगळं अंग व्यापलेलं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर शोधून सापडेनात. पट्टी दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं: ब्लास्ट, हाडांतल्या मज्जेतून अर्धकच्च्या बाहेर पडलेल्या पेशी, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पण नियम पाठ होता. कंट्रोल बिघडला की रंग बिघडला. त्यानं रंगाची बाटली मोरीत ओतली.

मंगळवारी दोष पाण्याचा ठरला, म्हणून शाहपुऱ्यातल्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आलं. बुधवारी काचपट्ट्यांचा. गुरुवारी त्यानं मायक्रोस्कोप उघडून पुसला आणि परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. पेशी मात्र रोज वाढत होत्या. चार दिवसांचे रिपोर्ट अडकले. कोलार रोडचे एक रिटायर्ड गृहस्थ खिडकीशी येऊन विचारून गेले की आमच्यात काय दोष निघाला. दोष तुमच्यात नाही, रंगात आहे, असं भालचंद्रानं सांगितल्यावर ते जास्तच घाबरले.

शुक्रवारी त्याच्या हाताखालच्या कांचननं न विचारता स्वतःचं बोट टोचलं आणि दोघांच्या पट्ट्या एकाच रंगात रंगवल्या. तिच्या पेशी पुस्तकातल्या चित्रासारख्या निघाल्या.

"सर, रंग चांगला आहे," ती म्हणाली.

भालचंद्रानं तिची पट्टी बराच वेळ पाहिली. "तुझं रक्त तपासून घे. कंट्रोलशी जुळत नाही."

एरवी ती त्याच्या रद्दी विनोदांनाही हसायची. आज हसली नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण हे मनापासून बोललो.

डॉक्टर तिवारी आले, भिंगाला डोळा लावला. "किसकी है? आज ही भर्ती कराओ."

"कंट्रोल की है, साहब."

डॉक्टर मान वर करेनात. पट्टीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण मान वर केली तर समोर भालचंद्र होता.

कंट्रोलचा रिपोर्ट काढायची सोय नव्हती. कंट्रोल हा पेशंट नव्हे. म्हणून भालचंद्र खाली ओपीडीच्या रांगेत उभा राहिला, चौतिसावा नंबर, आणि चिठ्ठी घेऊन आपल्याच खिडकीशी आला. कांचन आत रडत होती, तेव्हा आत जाऊन ती चिठ्ठी त्यानंच घेतली. बोट पुन्हा टोचलं. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या, त्यात एकाहत्तर ब्लास्ट. फॉर्मवर तळाशी छापलेलंच असे: लक्षणांशी ताडून पाहावे. हे काम डॉक्टरचं, तरी त्यानं पाहिलं. हिरड्यांतून रक्त येई, म्हणून प्रमिलेनं नवा ब्रश आणला होता. मांडीवरचे निळे डाग स्कूटरमुळे, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. जिन्यात दम लागे तो वयामुळे, वय त्रेचाळीस. सोळा वर्षांत अशा नऊ पट्ट्या त्यानं पाहिल्या होत्या. पट्ट्या नऊच्या नऊ कपाटात होत्या. माणसांतलं कुणी वर्षभरानंतर रक्त द्यायला आलं नव्हतं.

त्यानं सही केली. कांचननं फोन केला असावा, कारण खिडकीशी प्रमिला उभी होती, पदरानं मान पुसत. असा रिपोर्ट पेशंटच्या हाती द्यायचा नाही, जवळच्या माणसाला द्यायचा, ही दवाखान्याची पद्धत. पद्धतीप्रमाणे त्यानं कागद तिच्याकडे सरकवला.

"पेशंटला इतक्यात सांगू नका," तो सवयीनं म्हणाला.

प्रमिलेनं कागद वाचला. कळण्यासारखं त्यात फक्त नाव होतं. तिनं त्याची चार पदरी घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"नाही हो सांगत," ती म्हणाली.