खांद्याला झेपेल असं

...काडतूस तेवढं गार होतं, धरणारा हात तापलेला. बोटभर लांब, सडपातळ, मानेशी निमुळतं — तिच्या रायफलचं. शेजारी दुकानदाराने दुसरं उभं केलं: जाडजूड, कुठल्याही दुकानात मिळणारं, दिराच्या खिशातही खुळखुळणारं. तुमचं मागवलं तर सहा महिने, तेही आलं तर, असं तो म्हणाला होता. घरी अकरा उरली होती. या महिन्यात लांडग्यांनी नऊ मेंढ्या फाडल्या होत्या, आणि लांडगे काही सहा महिने थांबणार नव्हते.

दीर तेच सांगत होता. जुनी इथेच द्यावी, बदल्यात सगळ्यांसारखी घ्यावी. अडीनडीला शेजारून मूठभर काडतुसं उसनी तरी मिळतात. बरोबर बोलत होता मेला — तेच जास्त झोंबत होतं. पण ही गोळी कशी सरळ जाते, दोनशे पावलांवरून लांडगा जागच्या जागी बसतो, ते याला काय ठाऊक...

"वहिनी, दादानं ही तुमच्या खांद्यासाठी घेतली होती, कळतं मला," दीर दुकानदाराकडे बघून हसला. "मोठीचा धक्का सोसणं बायकांचं काम नव्हे."

तिचा खांदा! ज्याच्यावरून लंगड्या मेंढ्या उतारावरून खाली आणल्या तो? निखळलेला खांदा नवऱ्याचा होता, गाडीवरून पडल्यापासून. बार काढला की ओठ चावायचा. आणि चारचौघांत सांगायचा, बायकोला झेपावी म्हणून घेतली. लोक हसायचे, मीही हसायचे — झाकली मूठ. त्याला जाऊन बारा वर्षं झाली, मूठ अजून मीच आवळून बसलेय.

आता सांगूनच टाकावं. तिने तोंड उघडलं... आणि मागचा आठवडा आठवला. दीर बाहेरगावी असताना त्याची रायफल तिने गुपचूप उडवून पाहिली होती. तीन बार. तिसऱ्याला डोळे आधीच मिटले. कपड्याखाली खांदा अजून हिरवानिळा होता.

म्हणजे नवऱ्याचं खोटं मीच खरं करून ठेवलं... मऊ धक्क्याची सवय लावून घेऊन. दिरावरचा राग कुठे गेला कळेना. हा दुसराच होता, जुना. मेलेल्या माणसावर काढायला ती कधी धजावली नव्हती तो.

"बोला बाई, कुठलं बांधू?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी माझं भांडण होऊ दे."

कुणाशी, ते दिराला कळलं नाही. तो तर भांडतच नव्हता.