रेघेवरचा पंच

निपाणीच्या त्या कॉलेजात कुठलाही कार्यक्रम किती वाजता संपणार, हे पत्रिकेत छापत नाहीत. आण्णासाहेब उठले की तो संपतो. आण्णासाहेब संस्थेचे चेअरमन आणि पक्के जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. गॅदरिंगच्या नाटकातला राजा मरायला टेकलेला असो नाहीतर पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात आलेलं असो, उन्हं कलली की आण्णा धोतराचा सोगा सावरत उठतात आणि त्यांच्या मागोमाग अख्खा मांडव उठतो. चेअरमन गेल्यावर मागं बसून राहणं बरं दिसत नाही, अशी इकडची रीत. पाहुणे मग उरलेलं भाषण खुर्च्यांना ऐकवतात.

त्रिशला या कॉलेजची फिजिकल डायरेक्टर. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन टेनिस स्पर्धा भरवायचं काम यंदा तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि तिचा जीव अडकला होता तो कॉलेजमागच्या तांबड्या मातीच्या कोर्टात. ती स्वतः तिथंच खेळायला शिकली. आता तिच्या हाताखाली ब्राह्मी नावाची पोरगी तयार होत होती. कोर्ट गेलं की तिचं टेनिसही गेलं. आणि आण्णांना त्या जागेवर दुचाकींचा स्टँड करायचा होता. टेनिस बघायला कुत्रंसुद्धा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे साफ खोटं होतं. गेल्या वर्षी फायनलला एक कुत्रं आलं होतं आणि शेवटपर्यंत बसलंही होतं.

प्रचारात त्रिशलानं काही कमी केलं नव्हतं. पोस्टर लावली, रील काढली, वर्गावर्गात जाऊन घसा कोरडा केला. पोरं मान डोलवायची आणि क्रिकेटला जायची. शेवटी एक दिवस ती आण्णांच्या केबिनमध्ये शिरली आणि बोलून बसली, की फायनलच्या शेवटच्या पॉइंटपर्यंत माणसं बसून राहिली तर कोर्टाला हात लावायचा नाही. आण्णा इतक्या चटकन कबूल झाले की तिलाच नवल वाटलं. फायनल संध्याकाळी चारला ठेवायची आणि प्रमुख पाहुणे म्हणून आपल्यालाच बोलवायचं, एवढंच त्यांनी वर मागून घेतलं.

जिना उतरताना तिची ट्यूब पेटली. हिवाळ्याचे दिवस. आण्णांचं भाषण पाऊण तासाच्या आत कधी आवरलेलं नाही. मॅच रंगात यायला आणि आण्णा उठायला एकच गाठ पडणार, आणि ते उठले की गावही उठणार. म्हातारा लई बेरकी, असं ती मनातल्या मनात म्हणाली. चेअरमनबद्दल मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

तोड सापडली ती सेमीफायनलला. माधवी म्हणून येळ्ळूरची एक मुलगी बेळगावच्या कॉलेजकडून खेळत होती. तिचा एक चेंडू रेघेपाशी पडला आणि आत की बाहेर यावरून पोरापोरांत जुंपली. हां हां म्हणता चहावाला आला, रिक्षावाले आले, दाखला न्यायला आलेले पालक आले, आणि सगळे जाळीला चिकटून उभे राहिले. टेनिसचं ओ की ठो न कळणारा माणूससुद्धा छातीठोकपणे निकाल देत होता. त्रिशलाला हसू फुटलं. या मुलखातल्या माणसाला रेघेवरून भांडायला शिकवावं लागत नाही. नकाशावरच्या रेघेपायी इथं पिढ्या भांडत आल्या, आणि त्यातून ज्यांना सवड मिळाली ते शेताच्या बांधावरून भांडले.

बांधाचं भांडण म्हटलं की पंच ठरलेला. आण्णासाहेबांनी चिकोडी-निपाणीतले किती बांध मिटवले याला गणती नाही. एकदा तर सख्ख्या भावाच्या विरुद्ध निकाल दिला होता, आणि ती गोष्ट पार बेळगावापर्यंत पोचली होती. असा माणूस रेषापंचाच्या खुर्चीत बसवला, तर निकालाआधी तो उठतो कसा हेच तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरली. निपाणीची ब्राह्मी विरुद्ध येळ्ळूरची माधवी, चेंडू रेघेच्या आत का भाईर, निकाल देणार खुद्द आण्णासाहेब, असा पुकारा झाला. टेनिस हा शब्द त्रिशलानं मुद्दाम शेवटी आणि हळू आवाजात घातला होता. येळ्ळूरहून टेम्पो निघाल्याचा फोन आला तेव्हा तिला जरा भीतीच वाटली.

विद्यापीठाच्या निरीक्षक तेजस्वी मॅडम बेळगावच्या कॅम्पातल्या, नियमाला एकदम कडक. यजमान कॉलेजचाच माणूस रेषापंच कसा चालेल, म्हणून त्या अडून बसल्या. दोन्ही खेळाडूंची हरकत नसेल तरच चालेल, म्हणाल्या. माधवीनं तिथल्या तिथं होकार दिला. आण्णासाहेब असतील तर डोळे झाकून हो म्हण, असं तिला आज्यानं घरून बजावून धाडलं होतं म्हणे. आण्णांना त्रिशलानं रिक्षा फिरवायच्या आधीच स्वतः जाऊन विचारलं होतं. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि बघू की, म्हणाले. चेंडू रेघेला नुसता शिवला तरी आतच धरतात, हे सांगितल्यावर मात्र ते खूश झाले. बांधही असाच दोघांचा असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य.

फायनलला बसायला जागा उरली नाही. येळ्ळूरकर हलगी घेऊन आले होते. आण्णांनी ठरल्याप्रमाणे पाऊण तास भाषण केलं आणि मग शेवटच्या रेघेच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. पुढं जे झालं त्याचा हिशेब कुणीच केला नव्हता, आण्णांनीसुद्धा. त्यांना निकाल बसल्या जागेवरून देता येईना. चेंडू रेघेजवळ पडला की ते उठायचे, मातीतल्या खुणेपाशी जायचे, इकडून वाकून बघायचे, तिकडून वाकून बघायचे, आणि मग बोलायचे. एकदा तर दोन्ही पोरींना जवळ बोलावून, मान्य हाय न्हवं, असं विचारून घेतलं. तेजस्वी मॅडम घड्याळ दाखवून दमल्या. लोक श्वास रोखून बसले होते. आणि मॅच अशी लांबत लांबत तिसऱ्या सेटला आली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं आणि आण्णांचा ड्रायव्हर मष्णू घरचा डबा घेऊन जाळीबाहेर उभा होता.

ब्राह्मीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. माधवीनं जीव खाऊन मारलेला चेंडू रेघेपाशी पडला. ब्राह्मीनं हात वर केले, निपाणीकर ओरडत उठले. आण्णा खुणेकडं निघाले. त्रिशलानं चक्क देवाचा धावा केला, की बाहेर असू दे. बाहेर म्हणजे मॅच संपली, निपाणी जिंकली, माणसं जागेवर, कोर्ट वाचलं, आण्णा वेळेत जेवले. एका शब्दात सगळ्यांचं भलं. खूण कुठं होती ते तिला तिच्या जागेवरून दिसलं होतं, तरी ती हेच मागत होती.

आण्णा वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"रेघंला शिवलाय. आत."

हलगी कडाडली. मॅच पुढं सुरू झाली आणि त्रिशलाची आशा संपली. आता आण्णा उठणार. आणि उठावंच त्यांनी, असं तिला वाटायला लागलं. सूर्य पलीकडच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्र्याला टेकला होता. एकदा तो बुडाला की सकाळपर्यंत या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात पाण्याचा थेंबही जाणार नव्हता, आणि हा सापळा तिनं लावला होता. तिला स्वतःची लाज वाटली. बाजू बदलताना खेळ थांबला तशी ती धावत त्यांच्याकडं गेली.

"आण्णा, तुम्ही उठा. मॅडम दुसरा माणूस बसवत्यात. जेवून घ्या आधी. कोर्टाचं मी सोडलं."

आण्णांनी सूर्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं.

"निकाल व्हायच्या आत पंच भाकरीला हात लावतोय व्हय गं? जा, जाग्यावर बस."

त्यांनी हातानंच खूण केली आणि मष्णू डबा घेऊन घरी गेला. सूर्य बुडाला. एक माणूस उठला नाही. संधिप्रकाशात माधवी जिंकली, ब्राह्मी रडली, येळ्ळूरकरांनी दोघींनाही खांद्यावर घेतलं. निपाणी हरली होती, तरी आण्णा बसलेत म्हणून निपाणीकर बसूनच होते.

त्रिशला पाण्याचा पेला घेऊन गेली, आणि अर्ध्यावर ध्यानात आल्यावर तिनं तो पाठीमागं लपवला. आण्णा रेघेकडंच बघत होते.

"सोमवारच्या मीटिंगला ठराव घाल," ते म्हणाले.

स्टँडचा का, असं तिनं विचारलं.

"दिव्यांचा. चारी कोपऱ्यास्नी खांब लाव. पुढल्या साली काय कंदील घेऊन बसू व्हय मी?"