साडेतीन हजार किलोमीटर, चार तास वीस मिनिटं

टॅक्सीवाल्याची बायको हवाई सुंदरी होती. सकाळी परदेशातल्या एका शहरात प्रवासी सोडायचे, नवे घ्यायचे आणि संध्याकाळी घरी. अंतर साडेतीन हजार किलोमीटर, वेळ चार तास वीस मिनिटं. हे आकडे त्याला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्के पाठ होते. आणि या महिन्यात तीनदा विमानाला पाच तास लागले होते. तिन्ही वेळा कॅप्टन एकच.

"समोरून वारा होता," बायको म्हणाली.

"बावीस वर्षं गाडी चालवतोय मी. मध्ये कुठं चहाला थांबल्याशिवाय चाळीस मिनिटं जात नाहीत."

"आभाळात कोण टपरी टाकून बसलंय?"

टपरीचं नाव तिनंच काढलं, म्हणून संशय आणखी वाढला.

मंगळवारी बायको कंपनीच्या गाडीनं गेली आणि अर्ध्या तासानं चौकात एका माणसानं टॅक्सीला हात केला. उंच, पिकलेले कल्ले, खांद्यावर चार सोनेरी पट्टे.

"मला न्यायला येणारी गाडी बंद पडली, दादा. मला साडेतीन हजार किलोमीटर जायचंय, तुम्ही फक्त विमानतळापर्यंत बारा न्या."

कॅप्टनचे पट्टे आणि तेच अंतर. हाच तो. पण बारा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, आणि विचारायचं तर ढीगभर. त्यानं पुलाखालून गाडी भलतीकडे वळवली.

"इतके तास करमतं का हो, साहेब?"

"स्टाफ चांगला आहे. एक बाई तर अशी कॉफी देतात की घरची नको वाटते."

घरी टॅक्सीवाला स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचा. त्यानं पुन्हा एक वळण घेतलं.

"ही पाण्याची टाकी मघाशी गेली ना?"

"तशा दोन आहेत. त्या बाई दिसायला कशा आहेत?"

कॅप्टननं घड्याळाकडे पाहिलं, मग आरशातून त्याच्याकडे.

"बरं, समोरून वारा असतो का खरंच?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"या महिन्यात तीनदा लागला. पाऊण तास खातो."

टॅक्सीवाल्याचा जीव भांड्यात पडला. आता सुसाट सोडतो म्हणाला, तोच रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी आली, अर्धी गेली आणि उरलेली अर्धी तिथंच उभी राहिली.

विमान दीड तास उशिरा उडालं.

संध्याकाळी टॅक्सीवाला दाढी करून, भाजी चिरत वाट बघत बसला होता. बायकोचा फोन आला.

"आज येत नाही रे. उशीर झाला, आमचे ड्युटीचे तास संपले. आता नियमानं उडता येत नाही. सगळ्यांना इथंच हॉटेलात ठेवलंय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे कॅप्टनलाही. कुणा टॅक्सीवाल्यानं गावभर फिरवलं म्हणे त्याला. सारखा वाऱ्याची आणि कॉफी देणाऱ्या बाईची चौकशी करत होता." ती थांबली. "तो इथं समोरच बसलाय. तुझा फोटो दाखवू त्याला, की तूच सांगतोस?"

टॅक्सीवाल्यानं सुरी खाली ठेवली.

"समोर म्हणजे," त्यानं विचारलं, "किती अंतरावर?"