पाचवं पिवळं कार्ड

फुटबॉलच्या मोसमात पाच पिवळी कार्डं झाली, की पुढच्या सामन्याला घरी बसायचं. शिमोची चार झाली होती, आणि पुढच्या रविवारी, नेमकं सामन्याच्याच दिवशी, लेकीचं, नेउसचं, पहिलं कम्युनियन होतं, चर्चमधला मोठा विधी. चौदा वर्षं बचाव फळीत उभं राहण्याच्या नादात या गड्याने घरचं एकही कार्य पाहिलं नव्हतं. म्हणून आजच्या सामन्यात त्याने एकाचा शर्ट ओढला, दुसऱ्याच्या पायात पाय घातला. पण पंच मेला जुन्या ओळखीतला! "वय झालं रे तुझं, सांभाळून," म्हणत सोडून देई. शेवटी शिमो चेंडू काखेत मारून उभाच राहिला, देईचना. तेव्हा कुठे कार्ड निघालं.

रविवारी चर्चमध्ये त्याला बसवेना. दोनदा बाहेर जाऊन त्याने मोबाइल पाहिला.

"मुंग्या चावतात का?" बायको अंपारो दातओठ खात कुजबुजली. "बस की गप!"

"माझ्या जागी ते नवं पोरगं ठेवलंय. चार गोल तरी खाणार बघ."

दुपारी सासऱ्याने अंगणातल्या चुलीवरून भाताची भलीमोठी कढई उतरवली, तोच मेहुणा ओरडत आला, "तीन-शून्य! या मोसमात पहिल्यांदाच एकही गोल खाल्ला नाही आपण!"

सगळ्यांनी शिमोची पाठ थोपटली. तो ताटातला भात चमच्याने नुसता इकडून तिकडे सारत राहिला.

पांढऱ्या झग्यातली नेउस त्याच्या मांडीवर चढून बसली. "पप्पा, म्हणजे आता दर रविवारी घरीच ना?"