सहा दिवसांची अंडी

माझी नात संस्कृती विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. अंड्यातल्या पिल्लाचा मेंदू आतून कसा जोडला जातो, हा तिचा विषय. शनिवारी सरांपुढं ते दाखवायचं होतं, नाहीतर वर्ष लांबलं असतं. तिनं औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून डझनभर गावरान अंडी आणली, उबवण्याच्या यंत्रात ठेवली आणि सहाव्या दिवशी, बुधवारी, रडवेली होऊन घरी आली.

"आज्जी, एकातही काही नाही गं. लाल शीरसुद्धा नाही."

पिशवीत दोन अंडी उरली होती. मी अंगठा ओला करून एकावर घासला. अंगठा तांबूस झाला, अंडं पांढरंफट्ट.

"बाईसाहेब, ही पोल्ट्रीची. चहाच्या पाण्यातून काढलेली. यांनी कोंबडा पाहिलाच नाही. सहा दिवस तुम्ही चहा उबवलात!"

"हसू नको ना. आता नवी ठेवली तरी सहा दिवस लागतील. माझ्याकडं तीनच आहेत."

तेव्हा मला गेला गुरुवार आठवला. शेजारची कमरुन्निसा माझी जुनी वेताची पाटी घेऊन गेली होती, तिची बेगम नावाची कोंबडी खुडूक झाली, तिला अंड्यांवर बसवायचं म्हणून. चाळीस वर्षांचा शेजार. कोण काय कधी घेऊन गेलं, सगळं ध्यानात असतं.

आम्ही तिच्या गच्चीवर गेलो. बेगमखाली सहा दिवसांची अकरा अंडी होती, प्रत्येकावर खुणेची कोळशाची रेघ.

"अगे, डाक्टर बनने निकली और चाय कू मुर्गी समझी?" कमरुन्निसा पोट धरून हसली. मग तिनं बेगमखाली हात घातला. "तीन देती. पण जान आहे त्यांच्यात. फुकट नको घालवू. अन् माझ्या बेगमचं नाव लिहायचं."

माहेरी करमाडला लहानपणी धरायचो तशी मी एकेक अंडं उन्हात धरलं. तिन्हींत लाल जाळी दिसली.

शुक्रवारी संस्कृतीनं सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. पिल्लाच्या काळ्या डोळ्यातून, दिसावेत म्हणून रंगवलेले, हिरवे बारीक धागे निघाले होते.

"हे मेंदूकडं चाललेत, आज्जी. प्रत्येकाच्या टोकाला पंजा असतो, तो चाचपडत जातो. वाटेतल्या पेशी खुणा देतात. आधी भरमसाट जोडण्या होतात, मग नको त्या गळतात."

"कुणी न शिकवता? कवच बंद असताना?"

"व्हय."

"बरंय. वाटेत दुकानदार तरी भेटत नाही."

ती फुगली. मी मात्र फोटो पुन्हा मागून घेतला. जन्मभर अंडी उन्हात धरली, हे धागे कधी दिसले नव्हते.

शनिवारी ती पास होऊन थेट कमरुन्निसाच्या गच्चीवर धावली, मागोमाग मी. "आपा, सरांनी शेवटी विचारलं, आभारात या बेगम कोण?"

"अन् माझं नाव?" कमरुन्निसानं विचारलं.

संस्कृतीनं जीभ चावली.

"बघ गोजर," ती मला म्हणाली, "तुझ्या नातीची एक जोडणी राहिलीच."